यंत्र वगळून छापलेली बातमी

मराठी वृत्तपत्रातले तंत्रज्ञानाचे पान उघडले की काय दिसणार, हे वाचकाला आता पाठ झाले आहे. अमुक कंपनीचा नवा फोन आला, कॅमेरा इतक्या मेगापिक्सेलचा, बॅटरी इतक्या एमएएचची, किंमत अमुकपासून पुढे. शेजारी व्हॉट्सॲपची नवी फीचर्स, खाली पासवर्ड कसा ठेवावा याच्या सूचना आणि कोपऱ्यात एआयमुळे कुणाकुणाच्या नोकऱ्या जाणार याचे भाकीत. हे पान मुंबईत निघो, नागपुरात निघो की बेळगावात, मजकूर जवळजवळ एकच असतो, कारण त्याचा उगमही एकच असतो: कंपनीच्या जनसंपर्कवाल्यांनी धाडलेले पत्रक, नाहीतर इंग्रजी बातमीचा मराठी गोषवारा. बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरात हे पान वाचले जाते तेव्हा तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे उद्यमबागेत भट्ट्या तापलेल्या असतात. पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक्स आणि वाहनांसाठीची कास्टिंग्ज ओतली जात असतात. पुणे-बंगळूर महामार्गावर हत्तरगीच्या एसईझेडमध्ये एअरबस आणि बोईंगच्या विमानांचे सुटे भाग तयार होत असतात. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय इथून हाकेच्या अंतरावर मच्छे इथे आहे. एवढे सगळे उशाशी असलेल्या गावात तंत्रज्ञानाची बातमी मात्र शेन्झेनची आणि कॅलिफोर्नियाची.

यावर नेहमीची तक्रार अशी असते की मराठीत तंत्रज्ञानाविषयी फार कमी लिहिले जाते. मला ती पटत नाही. सीमाभागातल्या मराठी वृत्तपत्रांत तंत्रज्ञानाच्या बातम्या रोज येतात आणि भरपूर येतात. फक्त त्या तंत्रज्ञानाच्या पानावर नसतात. त्या गुन्हेवृत्तात असतात, शेतीच्या पानावर असतात, तालुक्याच्या बातम्यांत असतात आणि तिथे पोहोचेपर्यंत त्यांच्यातले यंत्र गळून पडलेले असते. उरते ती रांग, निवेदन, फसवणूक किंवा उद्घाटन. तेव्हा तंत्रज्ञानाच्या पानाला आणखी जागा द्या, अशी मागणी मी करणार नाही. उलट ते पान बंद केले तरी फारसे बिघडणार नाही. त्यावर खर्च होणारा एक माणूस आणि त्याचा वेळ इथे वापरात असलेल्या यंत्रांकडे वळवावा, एवढेच म्हणायचे आहे.

'सर्व्हर डाऊन' ही बातमी घ्या. जुलै २०२३ मध्ये कर्नाटक सरकारने गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी सुरू केली. घरच्या कर्त्या बाईला महिना २ हजार रुपये मिळणार म्हटल्यावर ग्रामवन, बापूजी सेवा केंद्र आणि बेळगाव वन या सरकारी सेवा केंद्रांच्या दारात रांगा लागल्या, आणि त्या दिवसांत व नंतरही कितीतरी वेळा हा मथळा छापून आला. आपल्याकडे ही बातमी वळवाच्या पावसासारखी लिहिली जाते: आला, माणसांची तारांबळ उडाली, गेला, दोष कुणाचाच नाही. सर्व्हर आहे कुठे, चालवतो कोण, एका वेळी किती अर्ज येतील असे धरून तो उभारला, देखभालीचे कंत्राट कुणाकडे आहे आणि दिवसभर बंद पडला तर त्या कंत्राटदाराला काही दंड आहे की नाही, हे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. रस्ता पहिल्या पावसात उखडला तर आपला वार्ताहर कंत्राटदाराचे नाव आणि निविदेची रक्कम शोधून काढतो. स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत २०१६ साली बेळगावची निवड झाली, तेव्हापासून खोदलेले रस्ते, रखडलेली गटारे आणि बसवून काढलेल्या फरशा यांवर इथल्या वार्ताहरांनी मन लावून लिहिले आहे. त्याच योजनेतल्या कमांड कंट्रोल सेंटरमध्ये कॅमेरे नेमके काय टिपतात, ती चित्रे किती दिवस ठेवतात, कुणाला पाहता येतात, याबद्दल मात्र उद्घाटनाच्या फोटोपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. सिमेंट दिसते, सॉफ्टवेअर दिसत नाही, एवढाच काय तो फरक. पैसा दोन्हीकडे जनतेचाच.

'सर्व्हर डाऊन'च्या पोटात काय असू शकते, याचा एक नमुना २०२५ च्या सुरुवातीला पाहायला मिळाला. दस्तनोंदणीची 'कावेरी २.०' ही प्रणाली राज्यभर कोलमडली आणि उपनिबंधक कार्यालयांतून माणसे हात हलवत परतली. फेब्रुवारीत सरकारने सांगितले की बाहेरून बनावट मागण्यांचा मारा करून ही प्रणाली मुद्दाम ठप्प केली गेली होती. म्हणजे ज्याला आपण रोजची कटकट समजत होतो तो त्या वेळी हल्ला होता. एकदा हल्ला, दुसऱ्यांदा अपुरी क्षमता, तिसऱ्यांदा कुणीतरी न तपासता चढवलेली नवी आवृत्ती. कारण वेगळे, जबाबदार वेगळा, उपायही वेगळा. बातमीचा मथळा तेवढा एकच.

असे यंत्र वगळून लिहिले तर काय होते, याचे सर्वांत विदारक उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. तिथल्या टपाल खात्याने १९९९ पासून गावोगावच्या उपडाकघरांत 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणकप्रणाली बसवली. ती फुजित्सूची. दिवसाचा हिशेब लावला की पडद्यावर हजारो पौंडांची तूट दिसू लागली, आणि खात्याने ठरवून टाकले की उपडाकपालांनीच पैसे खाल्ले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. कुणी तुरुंगात गेले, कुणाचे घर गेले, कुणी जीव दिला. या काळात स्थानिक वृत्तपत्रे काय करत होती? न्यायालयातली बातमी देत होती: अमक्या गावच्या टपालबाईने अपहार केला, इतकी शिक्षा झाली. त्या बातमीत एकही अक्षर खोटे नव्हते. निकाल तसाच लागला होता. यंत्र खोटे बोलत असेल, ही शक्यता मात्र कुणाच्या बीटमध्ये बसत नव्हती. ती मे २००९ मध्ये मांडली 'कॉम्प्युटर वीकली' या संगणक व्यवसायाच्या साप्ताहिकाने, सात उपडाकपालांच्या कहाण्या एकत्र छापून. संगणकावर लिहिणाऱ्या माणसांना एवढे ठाऊक होते की गणक यंत्रातही चुका असतात आणि वेगवेगळ्या गावच्या सात माणसांची तक्रार सारखीच असेल तर ती माणसांची खोड नसते. प्रणालीत दोष होते, हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले. सामान्य जनता खवळली ती जानेवारी २०२४ मध्ये, टीव्हीवर या प्रकरणाची मालिका आल्यावर, आणि मग त्याच वर्षी कायदा करून शिक्षा रद्द झाल्या. तोवर पहिल्या कहाण्या छापून १५ वर्षे झाली होती. या प्रकरणात मोठ्या वृत्तपत्रांना जे सुचले नाही ते एका चिंचोळ्या विषयाच्या, मर्यादित खपाच्या साप्ताहिकाला सुचले, ही गोष्ट छोट्या बाजारात पत्रकारिता करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडे होरायझन घडले आहे, असे मला सुचवायचे नाही. पण ते घडले तर कळावे अशी आपली रचना नाही, हे निपाणीकडे पाहिले की जाणवते. निपाणी हे तंबाखूचे आणि बिडीचे गाव. बिडी वळणारी बाई तेंडूचे ओलसर पान कात्रीने कापते, त्यात चिमूटभर तंबाखू भरते, दोन्ही हातांच्या बोटांनी ती वळते, दोऱ्याने बांधते आणि तोंड दुमडून टाकते. मजुरी हजार बिड्यांवर, त्यामुळे बोट दिवसाकाठी किती वेळा त्या पानावर घासले जाते याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. वर्षानुवर्षांनी त्या बोटांवरच्या रेषा झिजतात. मग ती रेशन दुकानात जाते आणि यंत्रावर थंब लागत नाही. पुन्हा लावा, दुसरे बोट लावा, हात पुसून लावा, उद्या या. यावर बातमी येते ती 'वृद्ध महिला रेशनपासून वंचित' अशी, सोबत कुण्या संघटनेचे तहसीलदारांना निवेदन देतानाचे छायाचित्र. बोटे झिजलेल्या माणसाला धान्य नाकारायचे नाही, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून, अपवादाच्या वहीत नोंद करून धान्य द्यायचे, हे केंद्राच्या अन्न खात्याने २०१७ मध्येच राज्यांना कळवलेले आहे. तेव्हा विचारायला हवे ते असे: निपाणी तालुक्यातल्या दुकानांत ती वही आहे का, तिच्यात महिन्याला किती नोंदी होतात, यंत्राने नाकारलेल्या अंगठ्यांची संख्या खात्याकडे असते ती का जाहीर होत नाही, बिडी कामगारांच्या वस्तीत हे प्रमाण इतर वस्तीपेक्षा जास्त आहे का? यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. माहिती अधिकाराचा एक अर्ज आणि चार दुकानांत काढलेली सकाळ पुरेशी आहे. पण वार्ताहराने ही गोष्ट मुळात तंत्रज्ञानाची आहे असे मानले तरच हे प्रश्न सुचतात. ती गरिबीची बातमी आहे असे मानले की निवेदनावर काम भागते.

फसवणुकीच्या बातम्यांचेही तसेच. २०२३ मध्ये कर्नाटकात अशा तक्रारी आल्या की खात्यातून पैसे गेले, पण ओटीपी आला नव्हता, कुणाला पिन सांगितला नव्हता, कुठल्या लिंकवर बोटही ठेवले नव्हते. खरेदीखतावर दिलेल्या अंगठ्याचे ठसे नोंदणीच्या दस्तांतून उचलून, आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सोयीतून ही लूट झाल्याचे तपासात पुढे आले. पोलिसांनी मग लोकांना आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवा असे सांगितले. या प्रकरणात बळी पडलेल्या माणसाची कसलीच चूक नव्हती. त्याने कायद्याने सांगितले तिथे अंगठा उमटवला होता. तरी आपल्या गुन्हेवृत्ताचा साचा ठरलेला: आमिषाला भुलून गमावले इतके लाख, आणि शेवटी नागरिकांनी सावध राहावे असे पोलिसांचे आवाहन. पोलीस असल्याची बतावणी करून फोनवरच अटकेची भीती घालणाऱ्या 'डिजिटल अटके'च्या बातम्याही याच साच्यात बसवल्या जातात. 'डिजिटल अटक' असे कायद्यात काही नाही, हे खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितले, आणि त्यानंतरही, २०२५ साली, याच बेळगाव जिल्ह्यात अशा छळापायी जीव गेले. सावधगिरीची सूचना आवश्यक आहे, पण ती सगळे ओझे बळीच्या डोक्यावर ठेवते. पैसे कुठल्या बँकेतल्या खात्यात गेले, ते खाते कुणाच्या कागदपत्रांवर उघडले होते, म्हातारपणची आयुष्यभराची पुंजी दोन दिवसांत बाहेर जाताना बँकेच्या प्रणालीला काही खटकले कसे नाही, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केल्यानंतर रक्कम गोठवायला किती वेळ लागला? ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवले तर तोशीस त्याला लागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा आदेश आहे. हे एक वाक्य प्रत्येक अशा बातमीखाली छापले तर 'सावध राहा'पेक्षा वाचकाच्या जास्त उपयोगी पडेल.

हे होत नाही याचे कारण वार्ताहर आळशी आहेत असे म्हणून मोकळे होता येणार नाही. कारण बाजारात आहे. मराठी ही काही लहान भाषा नाही. २०११ च्या जनगणनेत सव्वाआठ कोटींहून अधिक लोकांनी ती मातृभाषा सांगितली. पण बेळगावच्या आवृत्तीचा बाजार त्या आकड्याने मोजता येत नाही. जिल्ह्याची लोकसंख्या त्या वेळी ४८ लाखांच्या घरात होती आणि मराठी भाषक त्यात पाचव्या हिश्श्याच्याही थोडे आत. १९१९ मध्ये बाबूराव ठाकुरांनी इथे 'तरुण भारत' सुरू केला तेव्हापासून या छोट्या बाजारात मराठी दैनिके टिकली आहेत, हेच खरे तर कौतुकाचे. पण मोबाइल कंपनीची मोठी जाहिरात पुण्या-मुंबईकडे जाते, सरकारी जाहिरात राज्याच्या भाषेकडे झुकते आणि स्थानिक आवृत्ती चालते ती सराफ, शाळा, रुग्णालये, सोसायट्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांवर. अशा ठिकाणी पान भरायला फुकट आलेले, नीट लिहिलेले, फोटोसकट पत्रक मिळाले तर उपसंपादक ते का सोडेल? जाहिरात ही बातमीपासून वेगळी ओळखू आली पाहिजे, असा प्रेस कौन्सिलचा दंडक आहे. पण पत्रकाला कुणी पैसे मोजलेले नसतात, म्हणून ते जाहिरातही ठरत नाही आणि कुणी पडताळलेले नसते, म्हणून बातमीही ठरत नाही.

या बाबतीत बेळगावशी नाते असलेला एक जुना दाखला आठवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उद्योगाचा श्रीगणेशा केला तो बेळगावात, सायकलच्या दुकानापासून. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर काढला आणि तो खपेना, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. १९१० मध्ये बेळगाव सोडून ते औंध संस्थानात गेले, किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तिथून 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. हे कारखान्याचे पत्र होते आणि ते तसे नावातच सांगत होते. पुढे त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले, मराठी मध्यमवर्गाच्या घरात शिरले, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. मला त्यातला प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो. नांगर विकणाऱ्यानेच नांगराची बातमी लिहिली, पण वाचणाऱ्याला लिहिणारा कोण हे ठाऊक होते. आजच्या तंत्रज्ञानाच्या पानावर विकणाऱ्याचाच मजकूर असतो, फक्त वर नाव वृत्तपत्राचे असते. आणि नांगराला घाबरणाऱ्या शेतकऱ्याची बाजू, म्हणजे त्याची समजूत चुकीची का आहे किंवा एखाद्या जमिनीत ती बरोबरही असू शकेल का, हे विकणाऱ्याखेरीज कुणी तपासून सांगावे, ही जागा तेव्हा रिकामी होती आणि आजही रिकामीच आहे.

ती जागा किती रिकामी आहे ते बारामतीच्या उसावरून कळते. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने एआयवर ऊस पिकवण्याचा प्रयोग केला. त्या कंपनीचे प्रमुख सत्या नडेला यांनी २०२५ च्या आरंभी त्याची चित्रफीत सर्वदूर पसरवली, आणि मराठीत मथळ्यांची झुंबड उडाली: उत्पादन तीस-चाळीस टक्क्यांनी वाढले, पाणी निम्मे वाचले. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींची घोषणा झाली. प्रयोग खोटा आहे असा माझा अजिबात दावा नाही. जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रे एकत्र करून पाणी-खताचा सल्ला देता येतो, यात चमत्कार काहीच नाही. पण ज्या शेताशी तुलना केली ते शेत कुणाचे होते, त्यालाही ठिबक आणि तेच बियाणे होते का, वाढीतला किती वाटा एआयचा आणि किती नुसत्या ठिबकचा व वेळच्या वेळी झालेल्या मशागतीचा, अनुदान संपल्यावर सेन्सरचा वार्षिक खर्च कोण भरणार, आणि शेताची सगळी माहिती कुणाच्या मालकीची? निपाणी, चिकोडी, हुक्केरी, संकेश्वर हा सगळा उसाचा पट्टा आहे. इथल्या शेतकऱ्याने ती बातमी वाचली आणि आपल्या कारखान्याला विचारले की हे आपल्याकडे कधी? त्याला निर्णय घ्यायला मदत करील असे त्या मथळ्यांत काय होते?

गंमत म्हणजे याच शेतकऱ्याच्या पैशाशी थेट जोडलेले, त्याच्या रोजच्या पाहण्यातले दुसरे एक यंत्र आहे आणि त्यावर तंत्रज्ञानाची बातमी म्हणून कुणी लिहीत नाही: कारखान्याचा वजनकाटा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादकांनी टनाला ३,५०० रुपयांसाठी ठाण मांडले, सरकारने शेवटी ३,३०० वर तोड काढली, आणि त्या एकेका रुपयाचा हिशेब मराठी-कन्नड वृत्तपत्रांनी चोख दिला. दराइतकाच वजनाचाही प्रश्न आहे. काटामारीचा आरोप दर हंगामात होतो, कारखाना तो दर हंगामात फेटाळतो, आणि बातमी तिथेच संपते. आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे. ट्रॉलीखालच्या लोडसेलवर पडलेला भार विजेच्या संकेतात बदलतो, दर्शकावर आकडा येतो आणि तिथून संगणक पावती छापतो. वैधमापन खाते काट्याला शिक्का मारते, पण शिक्का मारताना नेमके काय तपासले जाते? दर्शकावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा यांच्या मधे जे सॉफ्टवेअर आहे त्याला कुणी हात लावतो का? वजाबाकी त्यात आधीच घालून ठेवता येते का, आणि तशी घातली तर नोंद राहते का? टनाला ३,३०० रुपये दराने दहा टनांच्या ट्रॉलीमागे एक टक्का फरक म्हणजे ३३० रुपये. उद्यमबागेत लोडसेल आणि दर्शक उघडून दाखवू शकणारे तंत्रज्ञ आहेत. एक दिवस त्यांच्याकडे बसून लिहिलेला लेख दहा मोबाइलच्या परिचयांपेक्षा जास्त जपून ठेवला जाईल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: वाचकाला फोनच हवा असतो, काटा-सर्व्हरचे वाचणार कोण? फोन घेणारा माणूस फोनविषयी वाचतो हे खरेच आहे, आणि त्यात कमीपणा नाही. वर्षभराच्या बचतीतून १५ हजारांचा फोन घेणाऱ्याला सल्ला हवा असतो. पण तो आता वृत्तपत्राची वाट पाहत नाही. मराठीत यूट्यूबवर फोन उघडून, चालवून, पडद्यावर दाखवणारी तरुण मुले आहेत आणि ती हे काम पानभर पत्रकापेक्षा कितीतरी चांगले करतात. शिवाय पैसे घेऊन केलेल्या मजकुरावर तसे लिहावे, असे बंधन जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्ये त्यांच्यावर घातले आहे. ते सगळेच पाळतात असे नाही, पण मापदंड तरी आहे. वृत्तपत्राला फोनवर लिहायचेच असेल तर जे यूट्यूबवाल्याला शक्य नाही ते लिहावे: कोणत्या कंपनीचे सेवा केंद्र बेळगावात आहे आणि कोणती दुरुस्तीसाठी हुबळीला पाठवते, खानापूरच्या जंगलपट्ट्यात कुठल्या कंपनीची रेंज मिळते, आणि कणकुंबीच्या मुलाने ऑनलाइन अर्ज भरायला कुठे यायचे.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि जाणकारीचा. लहान वृत्तपत्राने तंत्रज्ञानाचा वार्ताहर पोसायचा कसा? भारतातच याचे एक उत्तर मिळते. निखिल पाहवा यांचे 'मीडियानामा' हे तंत्रज्ञान-धोरणावरचे संकेतस्थळ २००८ पासून मोजक्या माणसांवर चालले आहे. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखी वागणूक देण्याचा, वाद पेटला तेव्हा तो काय आहे हे मोठमोठ्या वृत्तपत्रांना त्यांच्याकडून समजून घ्यावे लागले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने निवडक संकेतस्थळे फुकट देणाऱ्या फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'चा रस्ता बंद केला त्यात त्या चिवट लिखाणाचा वाटा होता. विषय अरुंद ठेवला तर माणसे थोडी पुरतात. बेळगावला तर जाणकार विकत आणावे लागत नाहीत. विद्यापीठ इथे आहे, गोगटे इन्स्टिट्यूट उद्यमबागेत आहे, कोकवरची क्युपोला भट्टी बंद करून विजेची इंडक्शन फर्नेस बसवताना विजेचे बिल कसे बदलले हे सांगणारे फाउंड्रीवाले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सहकार्याने चाललेल्या ऊर्जाबचतीच्या प्रकल्पासाठी देशातले जे मोजके फाउंड्री समूह निवडले गेले त्यात कोइमतूर आणि इंदूरसोबत बेळगाव होते. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही. मग वाहनांच्या कास्टिंगवर उभ्या असलेल्या भट्ट्यांचे पुढच्या दहा वर्षांत काय होणार आणि पंप-हायड्रॉलिक्सवाल्यांचे का निभावणार, हा टिळकवाडी, अनगोळ, वडगावातल्या शेकडो घरांच्या चुलीचा प्रश्न आहे. देशातले कुठलेही इंग्रजी संकेतस्थळ तो इथल्या माणसासाठी लिहिणार नाही. जाहिरातदार दुखावतील ही भीती कारखान्याच्या काट्याबाबत खरी आहे आणि ती मी झटकून टाकत नाही. साखरेच्या पट्ट्यात कारखाना, बँक, पुढारी आणि जाहिरात यांची सरमिसळ असते. तिथून सुरुवात करायला नको. सर्व्हर आणि फाउंड्रीपासून करा.

खरा अवघड आक्षेप या कुठल्यातच नाही. तो सीमाभागाचा आहे. इथल्या मराठी वृत्तपत्राने कर्नाटक सरकारच्या संगणकप्रणालीबद्दल लिहायचे तर पहिला मुद्दा भाषेचाच येतो, आणि यायलाच हवा. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथे सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळावेत ही घटनात्मक संरक्षणाच्या चौकटीतली मागणी आहे, ती अनेक दशके तशीच पडून आहे, आणि जमिनीच्या नोंदींच्या 'भूमी' प्रणालीतून निघणारा कन्नड उतारा मराठी शेतकऱ्याला वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जावे लागते. अशा वेळी सॉफ्टवेअरचे तपशील काढत बसणे म्हणजे मूळ लढा पातळ करणे, असे म्हणणाऱ्यांच्या भावनेचा मी आदर करतो. तरीही ते मला चुकीचे वाटते. २००० च्या आसपास 'भूमी'ने ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर आणल्या. आता शेतकऱ्याची मदत 'फ्रूट्स' या राज्याच्या शेतकरी-नोंदणी प्रणालीवरच्या नोंदणीवरून ठरते. २०२३ च्या दुष्काळात २ हजार रुपयांपर्यंतचा पहिला हप्ता त्याच यादीवरून जमा झाला. या यादीत उताऱ्यावरचे कन्नड नाव आणि आधारवरचे नाव एकमेकांशी जुळावे लागते. वडिलांचे नाव मधे घालण्याची मराठी पद्धत, आडनाव कधी आधी कधी नंतर, 'चव्हाण'चे कन्नडातून इंग्रजीत जाताना होणारे तीन-चार अवतार: भाषेचा अन्याय आणि यंत्राची चूक इथे एकाच ओळीत येऊन भेटतात. उद्या सरकारने मोठ्या मनाने त्या पोर्टलवर मराठीचे बटण दिले तरी नाव जुळवणारा हिशेब आतमध्ये तोच राहील. दोन नावे किती टक्के जुळली की यंत्र 'हो' म्हणते, ती मर्यादा कुणी ठरवली, सीमाभागातल्या तालुक्यांत 'नाही'चे प्रमाण इतर तालुक्यांपेक्षा किती जास्त आहे, आणि 'नाही' आलेल्या माणसाने तलाठ्याकडे जायचे, नाडकचेरीत जायचे की बंगळूरला अर्ज करायचा? या प्रश्नांची उत्तरे कन्नड वृत्तपत्राला शोधावीशी वाटणार नाहीत, कारण त्याच्या वाचकाचे नाव बहुधा जुळते. पुण्या-मुंबईच्या मराठी दैनिकाला 'फ्रूट्स' हे काय आहे ते ठाऊक असण्याचे कारण नाही. ही बातमी जगात फक्त एकाच बाजारासाठी आहे, आणि तो बाजार बेळगाव, खानापूर, निपाणीचा आहे.